स्पंदी उष्णतानलिका आणि तिच्यातील कार्यद्रव

स्पंदी उष्णतानलिका ही एका टोकाची उष्णता दुसऱ्या टोकाकडे वाहून नेणारी, पंपाविना चालणारी बंद नळी होय. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात ती ‘पल्सेटिंग हीट पाइप’ या नावाने परिचित आहे; काही ग्रंथांत ‘ऑसिलेटिंग हीट पाइप’ असेही नाव आढळते. साधारण १ ते ३ मिलिमीटर आतील व्यासाची नळी अनेक वेढ्यांत मागेपुढे वळवून, आतील हवा काढून टाकून व तिच्यात थोडा द्रव भरून ही नलिका तयार होते. या द्रवाला कार्यद्रव म्हणतात. पाणी, इथेनॉल, मिथेनॉल, ॲसिटोन आणि काही प्रशीतक द्रव हे नेहमी वापरले जाणारे कार्यद्रव आहेत.

नळी तीच ठेवून आतला द्रव बदलला, तर नलिकेची उष्णता वाहण्याची क्षमता बदलते. ती किती व का बदलते, हा या क्षेत्रातील जुना व अजूनही पूर्णपणे न सुटलेला प्रश्न आहे. महाराष्ट्रात या प्रश्नावर अमरावती व नागपूर येथील अध्यापकांनी केलेले प्रायोगिक काम २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

रचना

नलिकेचे तीन भाग असतात. तप्त वस्तूला चिकटलेला भाग तो बाष्पक. थंड पाण्याच्या किंवा हवेच्या संपर्कातील भाग तो संघनक. आणि या दोहोंमधला, बाहेरून उष्णतानिरोधक आवरणाने झाकलेला भाग तो निरोधित भाग. तांब्याची एकच लांब नळी या तिन्ही भागांतून नागमोडी वळणे घेत जाते. नळीची दोन्ही टोके एकमेकांना जोडली तर ती बंद-वेढ्याची नलिका होते. टोके वेगवेगळी बुजवली तर ती खुल्या वेढ्याची ठरते. बंद वेढ्यात द्रवाला एकाच दिशेने फिरत राहण्याची मुभा मिळते, त्यामुळे तिची कामगिरी सामान्यतः सरस असते.

साध्या उष्णतानलिकेत आतल्या भिंतीला सच्छिद्र वात बसवलेली असते. कंदिलाची वात जसे तेल वर ओढते तसे ती संघननाने झालेले द्रव केशाकर्षणाने पुन्हा बाष्पकाकडे ओढून आणते. स्पंदी नलिकेत अशी वात नसते. त्यामुळे ती घडवणे सोपे व स्वस्त असते, मात्र तिच्या वर्तनाचे गणित अवघड होऊन बसते. नुसत्या वाकवलेल्या नळीत एवढे गुंतागुंतीचे प्रवाह निर्माण होतात की त्यांचे सर्वमान्य गणिती प्रारूप अद्याप तयार झालेले नाही.

नळीच्या एकूण आतील घनफळापैकी जितका भाग द्रवाने व्यापलेला असतो त्याला भरणप्रमाण म्हणतात. ते शून्य टक्के असेल तर नलिका रिकामी असते आणि उष्णता केवळ तांब्याच्या भिंतीतून वाहते. शंभर टक्के असेल तर बुडबुड्यांना जागाच उरत नाही आणि द्रव केवळ तापून हलका झाल्यामुळे मंदपणे फिरतो. खरे स्पंदन या दोन टोकांच्या मध्ये, ढोबळमानाने २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान होते. बहुतेक प्रयोगांत ५० टक्के भरणप्रमाण निवडलेले आढळते.

कार्य

बारीक नळीत भरलेले द्रव तळाशी साचून राहत नाही. पृष्ठताणामुळे त्याचे लहान लहान तुकडे पडतात आणि नळीभर एक द्रवखंड, मग एक बाष्पबुडबुडा, पुन्हा एक द्रवखंड अशी माळ तयार होते. बाष्पकाजवळचा बुडबुडा उष्णता मिळताच फुगतो व शेजारच्या द्रवखंडांना ढकलतो. संघनकाजवळचा बुडबुडा त्याच वेळी आकसतो व त्यांना ओढून घेतो. सर्व वेढे एकमेकांना जोडलेले असल्यामुळे एका ठिकाणचा धक्का सगळीकडे पोचतो. द्रवखंड मागेपुढे हलू लागतात, आणि उष्णतेचा पुरवठा वाढल्यावर ही हालचाल एका दिशेच्या प्रवाहात बदलते. मग नळ्या आळीपाळीने एक गरम, एक थंड अशा जाणवू लागतात.

यासाठी नळीचा व्यास एका मर्यादेच्या आत असावा लागतो. ही मर्यादा द्रवाचा पृष्ठताण, त्याची घनता व गुरुत्वाकर्षण यांवर अवलंबून असते. पृष्ठताणाला घनता व गुरुत्वत्वरण यांच्या गुणाकाराने भागून त्याचे वर्गमूळ काढले व ते दुप्पट केले की ही मर्यादा मिळते. २० अंश सेल्सिअस तापमानाला पाण्यासाठी ती सुमारे ५.४ मिलिमीटर, इथेनॉल, मिथेनॉल व ॲसिटोन यांच्यासाठी सुमारे ३.५ मिलिमीटर आणि आर-१२३ या प्रशीतकासाठी जेमतेम २ मिलिमीटर येते. व्यास याहून बराच मोठा असेल तर द्रव व वाफ वेगळे होतात, द्रव तळाशी उतरते आणि माळ तुटते. व्यास फार लहान असेल तर भिंतीचे घर्षण हालचाल दाबून टाकते.

द्रवाचे बाष्पीभवन होत असल्याने बहुतेक उष्णता सुप्त उष्णतेच्या रूपाने वाहत असावी असा समज सहज होतो. साध्या उष्णतानलिकेत ते खरेही आहे. स्पंदी नलिकेत मात्र उलट आढळते. शफी, फाघरी व झांग यांनी २००१ मध्ये मांडलेल्या गणिती प्रारूपात बहुतांश उष्णता द्रवखंडांच्या तापण्या-निवण्यातून, म्हणजे संवेद्य उष्णतेच्या रूपाने वाहत असल्याचे दिसून आले. बुडबुडे येथे मुख्यतः हलकाऱ्याचे नव्हे तर ढकलणाऱ्याचे काम करतात. याचे कारण घनतेत आहे. ६० अंशांना एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान सुमारे ९८३ किलोग्रॅम असते, तर त्याच तापमानाच्या संपृक्त वाफेचे केवळ ०.१३ किलोग्रॅम. नळीतून सरकणाऱ्या वाफेत पदार्थच इतका थोडा असतो की तिची सुप्त उष्णता कितीही मोठी असली तरी एकूण वाहतुकीतला तिचा वाटा लहान राहतो. कार्यद्रवाची निवड समजून घेताना ही गोष्ट विसरली की पुढचे सर्व निष्कर्ष कोड्यासारखे वाटू लागतात.

पूर्वपीठिका

वात असलेल्या उष्णतानलिकेची कल्पना अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीच्या रिचर्ड गॉगलर यांनी १९४२ मध्ये एकस्वासाठी मांडली होती, पण ती दुर्लक्षित राहिली. १९६३ मध्ये लॉस अलामोस येथील प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी तिचा स्वतंत्रपणे शोध लावला आणि अवकाशयानांसाठी तिचा विकास झाला. वात नसलेल्या स्पंदी नलिकेचे एकस्व जपानचे हिसातेरू आकाची यांना १९९० मध्ये मिळाले.

या विषयाच्या प्रायोगिक पायाभरणीत एका मराठी नावाच्या संशोधकाचा मोठा वाटा आहे. समीर खांडेकर यांनी जर्मनीतील श्टुटगार्ट विद्यापीठात मानफ्रेड ग्रोल यांच्यासमवेत काम केले व बंद-वेढ्याच्या स्पंदी नलिकांवरील प्रबंधासाठी २००४ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे ते कानपूर येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक झाले. २२ डिसेंबर २०२३ रोजी संस्थेतच व्यासपीठावर भाषण करीत असताना त्यांचे हृदयविकाराने निधन झाले. वेगवेगळ्या कार्यद्रवांची तुलना करणारा आजचा जवळजवळ प्रत्येक निबंध त्यांच्या २००३ च्या लेखांचा आधार घेतो.

औष्णिक रोध व त्याचे मापन

नलिकेची कामगिरी औष्णिक रोध या राशीने मोजतात. बाष्पक व संघनक यांच्या सरासरी तापमानांतील फरकाला पुरवलेल्या उष्णतेच्या दराने भागले की हा रोध मिळतो. त्याचे एकक केल्विन प्रति वॉट हे आहे. रोध जितका कमी तितकी नलिका चांगली. समजा, ४० वॉट उष्णता पुरवली असता बाष्पकाचे तापमान ७८ अंश व संघनकाचे ४६ अंश आहे. फरक ३२ अंशांचा, म्हणून रोध ०.८ केल्विन प्रति वॉट. तुलनेसाठी, एक चौरस सेंटिमीटर छेदाच्या व दहा सेंटिमीटर लांबीच्या भरीव तांब्याच्या दांडीचा रोध सुमारे २.५ केल्विन प्रति वॉट असतो. तेवढीच ४० वॉट उष्णता त्या दांडीतून न्यायची तर दोन टोकांत १०० अंशांचा फरक ठेवावा लागेल.

मापन दिसायला सोपे असले तरी त्यात फसगतीच्या जागा बऱ्याच आहेत. द्रव भरण्यापूर्वी नळी पूर्ण निर्वात झाली नाही किंवा द्रवात विरघळलेली हवा आधी उकळून काढली नाही, तर ती हवा संघनकात साचते व रोध वाढतो. एका द्रवाच्या वेळी निर्वात चांगला आणि दुसऱ्याच्या वेळी वाईट असेल, तर तो फरक द्रवाच्या नावावर जमा होतो. १० वॉटसारख्या कमी पुरवठ्यात निरोधक आवरणातून झिरपणारी उष्णता एकूण पुरवठ्याच्या मानाने मोठी असते, म्हणून त्या टप्प्यातील आकड्यांवर कमी भिस्त ठेवावी.

कार्यद्रवाचे गुणधर्म

नेहमीच्या चार द्रवांचे गुणधर्म पुढील तक्त्यात दिले आहेत. सुप्त उष्णता सामान्य उत्कलनबिंदूला, पृष्ठताण व श्यानता २० अंश सेल्सिअसला घेतली आहे. शेवटच्या स्तंभात ६० अंशांच्या आसपास तापमान एका अंशाने वाढले असता बाष्पदाब किती वाढतो ते दिले आहे. आकडे पूर्णांकित आहेत.

| द्रव | उत्कलनबिंदू (अंश सेल्सिअस) | सुप्त उष्णता (किलोज्यूल प्रति किलोग्रॅम) | पृष्ठताण (मिलिन्यूटन प्रति मीटर) | श्यानता (मिलिपास्कल-सेकंद) | दर अंशाला बाष्पदाबवाढ (किलोपास्कल) |
|---|---|---|---|---|---|
| पाणी | १०० | २२५७ | ७३ | १.० | ०.९ |
| इथेनॉल | ७८ | ८५० | २२ | १.२ | २.० |
| मिथेनॉल | ६५ | ११०० | २३ | ०.६ | ३.३ |
| ॲसिटोन | ५६ | ५२० | २४ | ०.३ | ३.६ |

तक्त्यात सर्वांत महत्त्वाचा स्तंभ शेवटचा आहे. बाष्पक व संघनक यांच्या तापमानात फरक पडला की दोन्हीकडच्या बाष्पदाबांत फरक पडतो आणि तोच द्रवखंडांना हलवतो. त्याच तापमान-फरकात ॲसिटोनला पाण्याच्या चौपट धक्का मिळतो, शिवाय त्याची श्यानता पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढीच असल्याने घर्षणही कमी. म्हणून ॲसिटोनची नलिका थोड्या उष्णतेवर चालू होते.

पाण्याची अडचण पृष्ठताणाचीही आहे. पावसाचा थेंब खिडकीच्या उभ्या काचेवर अडकून राहतो, कारण त्याच्या वरच्या व खालच्या कडेचे संपर्ककोन वेगवेगळे होऊन तो स्वतःला धरून ठेवतो. नळीतला प्रत्येक द्रवखंड तसाच भिंतीला अडून राहतो, आणि माळेत असे खंड पुष्कळ असल्यामुळे सर्वांचा अडसर एकत्र होतो. मात्र एकदा हालचाल सुरू झाली की पाण्याची जमेची बाजू पुढे येते. त्याची विशिष्ट उष्णता सुमारे ४.२ किलोज्यूल प्रति किलोग्रॅम प्रति केल्विन, म्हणजे ॲसिटोनच्या जवळजवळ दुप्पट आहे. तेवढ्याच वस्तुमानाचा पाण्याचा खंड एका फेरीत अधिक उष्णता उचलतो. सुप्त उष्णता मोठी असल्याने बाष्पक कोरडा पडण्याची वेळही उशिरा येते. ॲसिटोन सुरुवातीला चपळ असते पण जास्त पुरवठ्यात लवकर कोरडे पडते. पाणी सुरुवातीला जड व नंतर टिकाऊ ठरते.

अमरावती व नागपूर येथील प्रयोग

अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्रमोद पाचघरे आणि नागपूरच्या लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेतील आशिष महल्ले यांनी शुद्ध व मिश्र द्रवांची तुलना करणारा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष ‘प्रोसीडिया इंजिनिअरिंग’ या नियतकालिकात २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. (नागपूरची ही संस्था कामठीचे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ मध्ये उभी राहिली. तिची ओळख रासायनिक तंत्रशास्त्राची आहे.)

प्रयोगातील नळी तांब्याची होती. तिचा आतील व्यास २ मिलिमीटर व बाहेरील ३.६ मिलिमीटर होता. वेढे दहा होते. बाष्पक, निरोधित भाग व संघनक या तिन्हींची लांबी सारखीच, ५० मिलिमीटर ठेवली होती. नलिका उभी होती व तिला खालून उष्णता दिली जात होती. भरणप्रमाण सर्व वेळी ५० टक्के होते आणि उष्णतेचा पुरवठा १० ते १०० वॉट इतका बदलण्यात आला. पाणी, इथेनॉल, मिथेनॉल, ॲसिटोन आणि यांची द्विघटक मिश्रणे असे कार्यद्रव घेण्यात आले.

पुरवठा वाढवत नेला असता औष्णिक रोध सुरुवातीला झपाट्याने उतरला; पुढे तो सावकाश उतरत गेला. शुद्ध द्रवांत ॲसिटोनची कामगिरी सर्वोत्तम ठरली. शुद्ध द्रव व मिश्रणे यांच्या कामगिरीत मात्र मोजता येईल असा फरक आढळला नाही.

यातील पहिला निष्कर्ष वर सांगितलेल्या कार्यपद्धतीशी जुळतो. कमी पुरवठ्यात द्रवखंड थांबत थांबत हलतात, मध्येच स्थिर होतात. पुरवठा वाढला की थांबे कमी होतात. सगळे खंड अखंड फिरू लागल्यावर सुधारणेला फारसा वाव राहत नाही. दुसरा निष्कर्ष, म्हणजे ॲसिटोनचे अग्रस्थान, १०० वॉटपर्यंतच्या पुरवठ्यासाठी व ५० मिलिमीटरच्या आखूड बाष्पकासाठी आहे. हा संदर्भ गाळून ‘ॲसिटोन हा सर्वोत्तम कार्यद्रव होय’ एवढेच वाक्य उरले की ते चुकीचे होते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्प-अहवालांत अशा प्रकारचे वाक्य हमखास भेटते.

तिसरा निष्कर्ष नकारात्मक असल्यामुळे मागे पडतो, परंतु उपयोगाच्या दृष्टीने तोच अधिक मोलाचा आहे. मिश्रण बनवणे, त्याचे प्रमाण राखणे व भरताना ते न बिघडू देणे हा खटाटोप असतो. फरक पडत नसेल तर तो करण्याचे कारण राहत नाही.

इतर प्रयोगांशी तुलना

थायलंडच्या चिआंग माई विद्यापीठातील संशोधक, खांडेकर व ग्रोल यांचा एकत्रित अभ्यास २००३ मध्ये ‘अप्लाइड थर्मल इंजिनिअरिंग’ या नियतकालिकात आला. त्यात १ व २ मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या नळ्या, ५ ते २३ वेढे, आणि पाणी, इथेनॉल व आर-१२३ हे द्रव वापरले होते. २ मिलिमीटरच्या उभ्या नलिकेत पाणी सर्वांत चांगले ठरले. १ मिलिमीटरच्या नलिकेत मात्र पाण्याची कामगिरी अगदीच निकृष्ट झाली व इथेनॉल आणि आर-१२३ जवळपास बरोबरीने पुढे राहिले.

अमरावती-नागपूरच्या प्रयोगातही व्यास २ मिलिमीटरच होता, तरी तेथे पाणी मागे पडले. या दोन निष्कर्षांत विरोध दिसत असला तरी तो खरा नाही. आधीच्या अभ्यासात ॲसिटोन नव्हतेच. शिवाय तेथे दोन्ही टोके स्थिर तापमानाच्या कुंडांत ठेवून किती उष्णता वाहते ते पाहिले होते. येथे उष्णता ठरवून तापमान किती चढते ते पाहिले. पहिल्या पद्धतीत नलिकेला सुरुवातीपासूनच मोठा तापमान-फरक मिळतो, त्यामुळे पाण्याचा चालू होण्यातला आळस झाकला जातो. दुसऱ्या पद्धतीत १० वॉटपासून चढत जाताना नेमका तोच उघडा पडतो. द्रवाबद्दलचा प्रश्न विचारण्याची रीत बदलली की उत्तरही बदलते.

व्यासाचा परिणाम तर सरळच आहे. नळी अर्ध्या व्यासाची झाली की पृष्ठताणाने अडकलेल्या खंडाला हलवण्यासाठी दुप्पट दाब लागतो, आणि पाण्याला तो दाब मिळवणे सर्वांत जड जाते. वेढ्यांची संख्या आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे: त्याच अभ्यासात वेढे एका मर्यादेहून कमी असतील तर नलिका आडवी ठेवल्यावर चालत नाही, असे दिसले. उभ्या नलिकेत गुरुत्वाकर्षण द्रव खाली आणण्यास मदत करते. आडव्या नलिकेत ते काम अनेक वेढ्यांतील दाबांच्या विस्कळितपणावर सोडावे लागते.

मिश्रणे व सूक्ष्मकणयुक्त द्रव

भिन्न उत्कलनबिंदूंच्या दोन द्रवांचे मिश्रण उकळले की अधिक बाष्पनशील घटक आधी वाफेत जातो. पाणी व ॲसिटोनच्या मिश्रणात बुडबुड्यांत ॲसिटोनचे प्रमाण वाढते आणि मागे राहिलेल्या द्रवात पाण्याचे. या वेगळेपणामुळे भिंतीजवळच्या द्रवाचा उत्कलनबिंदू थोडा वर सरकतो व उकळण्याचा वेग मंदावतो. दुसरीकडे, मिश्रणात पाणी असल्याने नलिका कोरडी पडण्यास उशीर लागण्याची शक्यता असते. फायदा व तोटा एकमेकांना बहुतांशी खाऊन टाकत असतील, तर अमरावती-नागपूरच्या प्रयोगात फरक का दिसला नाही याचा उलगडा होतो.

अतिसूक्ष्म घन कण मिसळलेले द्रव हा दुसरा मार्ग आहे. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठात २००६ मध्ये पाण्यात घनफळाच्या १ टक्का हिऱ्याचे सूक्ष्मकण मिसळून प्रयोग करण्यात आला. ८० वॉट पुरवठ्याला बाष्पक व संघनक यांच्यातील तापमान-फरक ४०.९ अंशांवरून २४.३ अंशांवर आला. रोधात मांडले तर ०.५१ वरून ०.३० केल्विन प्रति वॉट. साध्या नलिकेत असे कण कालांतराने तळाशी बसतात. स्पंदी नलिकेत द्रव सतत हलत असल्याने ते तरंगत राहतात, हा तिचा अनपेक्षित लाभ आहे. नलिका दीर्घकाळ बंद राहिली तर मात्र ही हालचालही थांबते.

धातू, सुरक्षा व पर्यावरण

कार्यद्रव निवडताना केवळ औष्णिक रोध पाहून चालत नाही. तांबे व पाणी यांची जोडी वर्षानुवर्षे टिकते. ॲल्युमिनियम व पाणी यांची जोडी टिकत नाही: त्यांच्या अभिक्रियेतून हायड्रोजन वायू सुटतो, तो संघनकात साचतो आणि नलिका हळूहळू निकामी होते. ॲल्युमिनियमच्या हलक्या नलिकेत म्हणून ॲसिटोन किंवा योग्य प्रशीतक वापरतात. अमोनिया तांब्याला खातो.

इथेनॉल, मिथेनॉल व ॲसिटोन हे तिन्ही ज्वालाग्राही आहेत. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत त्यांच्या शेजारी तापक तार असतेच, म्हणून भरताना व सांडल्यास वाफ साचू न देण्याची काळजी घ्यावी लागते. मिथेनॉल विषारी आहे. ते पोटात गेल्यास दृष्टी जाऊ शकते व मृत्यूही ओढवतो. त्याची वाफ हुंगणे व ते त्वचेवर सांडणेही अपायकारक असते. ॲसिटोनचा औष्णिक रोध मिथेनॉलहून चांगला येत असेल, तर मिथेनॉल वापरण्याचा आग्रह कशासाठी, हा प्रश्न मार्गदर्शकाने विचारायला हवा.

आर-१२३ हा जुन्या प्रयोगांतील आवडता प्रशीतक ओझोनच्या थराला अल्प प्रमाणात हानी पोचवतो. माँट्रिअल करारानुसार त्याच्या वर्गातील पदार्थांचा वापर विकसनशील देशांनी २०३० पर्यंत, दुरुस्तीपुरता अपवाद वगळता, थांबवायचा आहे. त्यामुळे त्याच्यावरचे निष्कर्ष तुलनेपुरते उपयोगी असले तरी नव्या रचनेसाठी तो द्रव योग्य राहिलेला नाही.

उपयोग

संगणकातील प्रक्रियक, शक्तिशाली एलईडी दिवे, विद्युत वाहनांच्या बॅटऱ्या, सौर तापक आणि वाया जाणाऱ्या उष्णतेचा पुनर्वापर या क्षेत्रांत स्पंदी नलिकांचा अभ्यास होत आहे. अवकाशातही त्या तपासल्या गेल्या आहेत. सप्टेंबर २०१७ मध्ये प्रक्षेपित झालेल्या अमेरिकी वायुदलाच्या एक्स-३७बी यानावर अशा नलिकांचा संच होता, आणि त्यांत कार्यद्रव म्हणून ब्यूटेन व आर-१३४ए वापरले होते. पाणी ० अंशाला गोठत असल्याने अशा ठिकाणी ते बाद ठरते.

विदर्भासारख्या प्रदेशात अडचण उलट्या बाजूची आहे. यवतमाळ जिल्ह्यातील राळेगावसारख्या कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात शेतावरील सौर पंपाचे नियंत्रक मंडल मे महिन्यात भर दुपारी काम करते, आणि तेव्हा हवेचे तापमान ४५ अंशांच्या आसपास असू शकते. प्रयोगशाळेत संघनकावरून नळाचे २५ अंशांचे पाणी फिरते. मंडलाचे तापमान ८५ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसेल व नलिकेचा रोध ०.८ केल्विन प्रति वॉट असेल, तर प्रयोगशाळेत ती नलिका ७५ वॉट उष्णता वाहील. शेतात मात्र ५० वॉटच. पंखपट्ट्यांपासून हवेपर्यंतचा रोध धरला तर आणखी कमी. प्रसिद्ध झालेले आकडे थेट शेतावर लावता येत नाहीत ते यामुळे.

याच परिस्थितीत द्रवांचा क्रमही थोडा हलतो. पाण्याच्या बाष्पदाबातील दर अंशाची वाढ ४० अंशांजवळ सुमारे ०.४ किलोपास्कल, ६० अंशांजवळ ०.९ आणि ८० अंशांजवळ १.९ असते. म्हणजे संघनक गरम असलेल्या ठिकाणी पाण्याच्या नलिकेला चालू होण्यासाठी लागणारा धक्का अधिक सहज मिळतो, आणि थंड पाण्यावर घेतलेल्या प्रयोगात ॲसिटोनने मिळवलेली आघाडी येथे कमी होते. हा गुणधर्मांवरून काढलेला तर्क आहे. तो तपासण्यासाठी संघनकावर ४५ अंशांची हवा सोडून तोच प्रयोग पुन्हा करावा लागेल. महाविद्यालयातील सामग्रीत ते अवघड नाही.

नलिका बंद असतानाचा दाबही विचारात घ्यावा लागतो. ४५ अंशांना पाण्याचा बाष्पदाब वातावरणीय दाबाच्या सुमारे एक-दशांश, ॲसिटोनचा सुमारे सात-दशांश, आर-१२३ चा पावणेदोन पट व आर-१३४ए चा अकरा पटींहून अधिक असतो. सांध्यात सूक्ष्म छिद्र राहिले तर पाण्याच्या किंवा ॲसिटोनच्या नलिकेत बाहेरची हवा शिरते, प्रशीतकाच्या नलिकेतून द्रव बाहेर जातो. दोन्ही प्रकारांत नलिका बाहेरून जशीच्या तशी दिसते. तिचा औष्णिक रोध मात्र रिकाम्या तांब्याच्या नळीच्या रोधाकडे सरकू लागतो.